भाऊकाका, तांब्या आणि माझं एक जास्तीचं वाक्य

ऑडिटवाली | शुक्रवार, रात्री १०.५०

चार दिवस लिहू की नको चाललंय. आज भांडी आवरून झाली, घरात कोणी जागं नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

सासरचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात. जुना वाडा. पुढची बाजू पाडून तिथे दुकानं झाली, पण मागचा चौक, ओटला आणि पितळी कड्यांचा झोपाळा अजून शाबूत आहे. गौरी जेवतात त्या दिवशी सगळं खानदान तिथे जमतं. कारेलीबाग, मांजलपूर, पुणे, आणि रजा मिळालीच तर कॅनडा. पुरणपोळ्या अंगावर आल्या की भाऊकाका झोपाळ्यावर बसतात. मांडीशी पानदान, हातात अडकित्ता. भाऊकाका म्हणजे माझे चुलतसासरे, वय ८३.

गोष्ट दरवर्षी तीच. १९११ चा दिल्ली दरबार. दिल्ली राजधानी, म्हणून दरबार तिथे. पंचम जॉर्ज बसलेत, एकेक संस्थानिक पुढे जाऊन लवतोय. आपले सयाजीराव महाराज गेले, एकदाच मान झुकवली आणि पाठ फिरवून चालू पडले. इथपर्यंत सगळ्या बडोद्याला पाठ आहे. पुढचं फक्त आमच्या घरचं. भाऊकाकांचे आजोबा खानगी खात्यात, म्हणजे महाराजांच्या खासगी कारभाराच्या खात्यात, महाराजांच्या तंबूबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभे. महाराज आले. तांब्या हातात घेतला, प्यायले नाहीत, तसाच परत दिला आणि आत गेले. शब्द नाही. इथे भाऊकाकांचा अडकित्ता थांबतो. मुलं श्वास धरून बसतात. मग कट्ट. सुपारी फुटते, गोष्ट संपते.

मी बँकेच्या ऑडिटमध्ये २६ वर्षं आहे. बेरीज जुळली नाही की माझे हात शिवशिवतात. घराच्या कागदपत्रांच्या भानगडीत माझ्या हाती आजोबांचा नोकरीचा दाखला लागला होता. जन्म १८९८, खानगीत रुजू १९१६. मागच्या गौरींना गोष्ट तांब्यापर्यंत आली आणि मी म्हणाले, "पण भाऊकाका, आजोबा तर नोकरीला १९१६ मध्ये लागले. १९११ ला ते तेरा वर्षांचे होते."

आवाज चढवला नव्हता. हसूनच म्हणाले. धाकटे दीर ओरडले, "वहिनींनी ऑडिट ऑब्जेक्शन काढलं!" सगळे हसले. भाऊकाकाही हसले थोडं. मग त्यांनी सुपारी कातरली. अर्धी केली, पाव केली, पावाचे तुकडे केले, त्या तुकड्यांचे तुकडे केले. पार भुगा झाला. कोणापुढे हात केला नाही. सगळा भुगा पानदानात ओतला, झाकण लावलं आणि म्हणाले, "असेल."

दिवाळीला गोष्ट झाली नाही. भाऊबीजेलाही नाही. परवा संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा दिरांचा नऊ वर्षांचा मुलगा मागे लागला, भाऊआजोबा तांब्याची गोष्ट सांगा ना. ते म्हणाले, "तुझ्या काकूला विचार. तिच्याकडे कागद आहेत."

टोमणा असता तर मी गिळला असता. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी चुकीचं बोलले नव्हते. दाखला अजून कपाटात आहे. मला एवढंच कळून घ्यायचंय की आता गप्प बसावं हे तुम्हाला त्या क्षणी कळतं का? की मला कळलं तसं, झाकण लागल्यावरच?

कमाटीबागकर | शुक्रवार, रात्री ११.१५

वाचून गलबललं. आमच्या शेजारच्या शांताबेन म्हणायच्या, "न बोल्यामां नव गुण." न बोलण्यात नऊ गुण असतात. बडोद्यात वाढलेल्या प्रत्येक मराठी पोराने हे कोणा ना कोणा बेनकडून ऐकलेलं आहे.

मगरमिठी | शुक्रवार, रात्री ११.२२

नऊ कुठले ते मात्र कुठल्याच बेनने सांगितलेलं नाही. मी लहानपणी विचारलं होतं, तर उत्तर मिळालं, "जो, पाछो बोल्यो!" बघ, परत बोललास!

आणि त्याच बेन खंडेराव मार्केटात घासाघीस करताना म्हणतात, "बोले एना बोर वेचाय." जो बोलेल त्याची बोरं विकली जातात. तेव्हा गुण मोजायचे की बोरं विकायची ते ज्याचं त्याने ठरवावं. मी विश्वामित्रीच्या मगरीला मानतो. ऊन खाताना तोंड सताड उघडं, आवाज शून्य.

नोंदवही | शुक्रवार, रात्री ११.५८

इथे सगळे हळवे झालेले दिसतायत, म्हणून एक विरोधी मत. ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. मुलांसमोर खोटा इतिहास सांगितला जात होता, तुम्ही कागदाच्या आधारावर दुरुस्त केलात. हे गप्प बसणं आपल्याकडे इतकं मुरलंय की घराघरात प्रत्येकाचा पणजोबा पानिपतावर होता.

मुळात दरबाराची गोष्टही लोक अर्धीच सांगतात. १२ डिसेंबर १९११. पाठ फिरवली, टाळ्या. त्यानंतर विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंज यांना दिलगिरीचं पत्र पाठवलं, हे झोपाळ्यावर कोणी सांगत नाही.

आणि दुरुस्तीच करायची तर तुमचीही करतो. दिल्ली तेव्हा राजधानी नव्हती. राजधानी कलकत्ता होती. ती दिल्लीला हलवण्याची घोषणाच त्या दरबारात झाली. बंगालची फाळणी रद्द केल्याचंही तिथेच जाहीर झालं.

ऑडिटवाली | शनिवार, सकाळी ६.४०

बरोबर आहे. माझी चूक.

नोंदवही | शनिवार, सकाळी ९.०५

एवढंच? मी तर तयारीत बसलो होतो.

मगरमिठी | शनिवार, सकाळी ९.०७

गुण क्रमांक एक सापडला.

काळा_कोट | शनिवार, दुपारी १.३०

न्यायमंदिरात ३४ वर्षं उभा राहिलो. कोर्ट तिथून हललं, पण पाय अजून सुरसागरच्या बाजूलाच वळतात. आमच्या धंद्यात या विषयाला नाव नाही पण किंमत आहे. उलटतपासणीत एक प्रश्न जास्त विचारला की केस जाते.

माझी पहिली फौजदारी. रात्रीची मारामारी, माझा अशील आरोपी, साक्षीदार म्हणजे गल्लीचा म्हातारा रखवालदार. त्याच्याकडून मी वदवून घेतलं की अंधार होता, दिवा फुटलेला होता, चष्मा घरी राहिला होता, चेहरा दिसला नाही. इथे खाली बसायचं असतं. माझे सीनियर मागून कोटाची शेपटी ओढत होते. मला मात्र साक्षीदाराचा पार निकाल लावायचा होता, म्हणून मी विचारलं, "मग तो माझाच अशील होता हे कशावरून सांगता?" म्हातारा म्हणाला, "खोकल्यावरून साहेब. वीस वर्षं ऐकतोय." आणि त्याच क्षणी आरोपीच्या पिंजऱ्यातून खोकला आला. जज्जसाहेबांनी चेहऱ्यापुढे फाईल धरली.

ताई, तुमचा तो प्रश्न खोकल्याचा होता. तुम्ही केस जिंकलीत एवढाच फरक.

आता नोंदवहींसाठी थोडा इतिहास, कारण पुरावा आणि निकाल यांचं नातं बडोदेकराला तरी शिकवायला नको. १८७५ साली मल्हारराव महाराजांवर ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घालायला लावल्याचा आरोप होता. चौकशीला सहा जणांचं कमिशन. तीन इंग्रज, तीन आपले: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आणले. नावाजलेला वकील, साक्षीदारांची पिसं काढली त्याने. कौल पडला तीन-तीन. इंग्रजांच्या मते दोषी, आपल्या तिघांच्या मते आरोप सिद्ध नाही. आणि मल्हारराव गादीवरून गेलेच, गैरकारभाराच्या कारणाखाली, थेट मद्रासला. त्यांच्या जागी कवळाण्याहून जो मुलगा दत्तक आणला तेच सयाजीराव. ज्या मुलाने गादीवर येतानाच हे पाहिलं, तो ३६ वर्षांनी दिलगिरीचं पत्र लिहितो तेव्हा मला त्यात शरणागती दिसत नाही. समोरचा ऐकायला बसलाय की ठरवून बसलाय, ते त्याला कळत होतं.

नोंदवही | शनिवार, दुपारी २.१०

हे मान्य. पत्राकडे असं पाहिलं नव्हतं. पण भाऊकाका म्हणजे काही ब्रिटिश सरकार नव्हे.

काळा_कोट | शनिवार, दुपारी २.१४

नव्हेच. म्हणून तर तिथे बॅलंटाइनची गरज नव्हती.

फोडणीची_पोळी | शनिवार, दुपारी ४.४५

सगळे पुरुष मौनावर लिहितायत, मजा वाटली. मी जरा तिखट घालते.

माझ्या सासरी भांडण होत नाही, हे लग्न ठरवताना आईबाबांना अभिमानाने सांगितलं होतं. खरंच होत नाही. अबोला होतो. माझ्या सासऱ्यांचा सगळ्यात लांब अबोला अकरा दिवसांचा, कारण मी त्यांच्या डब्यात सेव उसळीची सेव आधीच घातली आणि ती मऊ पडली. अकरा दिवस ते माझ्याशी माझ्या मुलामार्फत बोलले. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. "सोन्या, आईला सांग मीठ हवंय." मी समोर बसलेली, मीठ माझ्या हाताशी. माहेरी याला फुगणं म्हणतात, सासरी संयम.

म्हणून गप्प बसण्याचं कौतुक ऐकलं की मी आधी पाहते, गप्प कोण आहे आणि त्यामुळे पळापळ कोणाची होतेय. सासरे गप्प, पळापळ माझी. मी गप्प राहिले तर मात्र कोणाला पत्ताही लागत नाही, उलट घर शांत आहे म्हणतात.

ऑडिटवाली, तुझ्या भाऊकाकांचं "असेल" मात्र वेगळं वाटलं. ते तुझ्यावर रुसलेले नाहीत. त्यांनी गोष्टच काढून ठेवलीय, चष्मा काढून ठेवतात तशी.

ऑडिटवाली | शनिवार, सायंकाळी ५.२०

फोडणीची, हेच. मला शब्द सापडत नव्हता. रुसले असते तर मी मनवलं असतं.

कमाटीबागकर | शनिवार, सायंकाळी ६.००

काळा कोट यांच्या प्रतिसादात एक भर. पत्र गेलं, वादळ शमलं, गादी राहिली. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. नाव सांगायची गरज नाही. वाद टाळून हातात काय राहतं, ते त्यात आलं.

बागेतला_बाक | शनिवार, रात्री ९.३५

नाव सांगायची गरज आहे. डॉ. भीमराव आंबेडकर. आणि तुम्ही गोष्ट अशा ठिकाणी संपवलीत की ती गोड वाटते. पुढचं मी सांगतो, कारण ते तुमच्या टोपणनावातल्या बागेतच घडलं.

१९१७. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते बडोद्यात नोकरीला आले. घर कोणी देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. साधारण अकराव्या दिवशी सकाळी कामावर निघताना डझनभर पारशी काठ्या घेऊन खोलीसमोर उभे. कोण तू, पारशी नाव घ्यायची हिंमत कशी झाली. बाबासाहेब काही बोलले नाहीत. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपल्या नमतं घेण्याने आणि गप्प राहण्याने जीव वाचला. संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितलं. शहरात ओळखीचे दोघे होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर घरचे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारावं लागेल म्हणत टाळलं. मग मुंबईची गाडी येईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. आज तिथे त्याचं स्मारक, संकल्पभूमी, आहे.

त्या दिवशी गप्प कोण कोण होतं ते मोजा. जो काठ्यांसमोर उभा होता त्याला दुसरा रस्ता नव्हता. त्या दोन मित्रांना होता. दोघेही अगदी सभ्यपणे बोलले असतील, आवाज न चढवता. ऑर्डर काढणारे, फाईल लांबून टेबलावर टाकणारे कचेरीतले कारकून, तेही वाद घालत नव्हते. शांतपणेच चाललं होतं सगळं. आणि ज्याला गप्प राहावं लागलं तो दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर उभा राहिला.

त्या दिवसाच्या आठवणीसाठी २३ सप्टेंबरला आम्ही दरवर्षी तिथे जातो. आई डबा आणते, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. ती कोणाशी बोलत नाही, नुसती बसते. लहानपणी मला कंटाळा यायचा.

माझ्या ऑफिसात नवा माणूस आला की आधी विचारतो, "पूर्ण नाव काय म्हणालात?" मला कळतं तो काय विचारतोय. काही वेळा मी बोलतो. काही वेळा चहा पितो. मी मोठा विचार करून ठरवतो असं समजू नका, त्या दिवशी अंगात किती जोर आहे त्यावर असतं. आणि चहा पितो त्या दिवशी घरी जाऊन बायकोशी क्षुल्लक कारणावरून भांडतो, हेही खरं.

ताई, तुमचा प्रश्न सोपा नाही, पण तुम्ही भाग्यवान आहात. तुमच्या गप्प बसण्याने कोणाचं काही वाचलं असतं. आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गप्प बसण्याने फक्त समोरच्याची दुपार सुखाची जाते.

कमाटीबागकर | शनिवार, रात्री १०.०२

माफ करा. मी खरंच गोड करून सांगितलं. रोज सकाळी त्याच बागेत चालायला जातो आणि हे लिहिताना ते आठवलंही नाही.

मगरमिठी | शनिवार, रात्री १०.१०

(विनोद सुचला होता. लिहीत नाही.)

डग्गा | शनिवार, रात्री ११.४८

रात्रपाळीतून आत्ता वाचलं. मी पोटासाठी वेगळं करतो, पण संध्याकाळी साथीला बसतो. शिकलो आपल्या युनिव्हर्सिटीच्या संगीत विभागात, १८८६ मध्ये सयाजीरावांनी मौलाबक्षांकडून सुरू करवलेल्या गायनशाळेचं ते आजचं रूप.

तबलजीला एक गोष्ट बोलून शिकवत नाहीत, ती बसून बसून येते. गवई तानेच्या भरात समेवरून घसरतो. पुढच्या दोन रांगांना कळतं, मागच्यांना नाही. साथीदाराला तर आधीच कळतं, कारण गवई कुठे पोचणार हे त्याच्या श्वासावरून दिसतं. अशा वेळी हौशी साथीदार काय करतो? समेवर दणकून 'धा' देतो. बघा, सम इथे होती, मला माहीत होतं. बरोबर असतो तो शंभर टक्के. गवई मात्र उघडा पडतो आणि मैफल तिथेच संपते, पुढे तासभर गाणं चाललं तरी.

जाणता साथीदार ठेका धरून ठेवतो. जरा मोकळा, जरा मोठ्याने, काही कलाकुसर नाही. गवयाला ऐकू जावं की मी इथे आहे, ये परत सावकाश. दोन आवर्तनांत तो येतो. मैफलीनंतर, पान खाताना, दोघंच असताना म्हणायचं, "बुवा, त्या तानेत आज काय झालं?" बहुतेक वेळा बुवा स्वतःच हसतात. कधी शिव्याही देतात.

माझ्या गुरुजींनी मला एकदा भर मैफलीत असा 'धा' दिल्याबद्दल सहा महिने साथीला नेलं नव्हतं. रागावले नाहीत. फक्त नेलं नाही. घरी मात्र रोज शिकवत होते.

तेव्हा नोंदवही म्हणतात तसं दुरुस्त करू नये असं मुळीच नाही. कधी आणि कोणासमोर, एवढंच. ऑडिटवाली ताई, तुम्ही दुपारी सगळे पांगल्यावर, मागच्या चौकात दोघंच असताना दाखला दाखवला असता तर कदाचित म्हाताऱ्याने तुम्हालाच काहीतरी नवीन सांगितलं असतं. आता माफी मागायला जाऊ नका हो. माफी म्हणजे पुन्हा तोच विषय, पुन्हा तेच सोळा साल. नुसतं जाऊन ठेका धरा.

नोंदवही | रविवार, सकाळी ८.१५

डग्गा, हे पटलं. रात्री झोप आली नाही, म्हणून एक कबुली. माझे वडील आणीबाणीत आपण तुरुंगात होतो असं सांगायचे. मी कॉलेजात असताना तारखा लावून सिद्ध केलं की ते त्या काळात मावशीकडे सुरतेला होते. जिंकलो. नंतर वडील माझ्याशी फक्त वीजबिल आणि क्रिकेट यांवर बोलले. उणीपुरी नऊ वर्षं. मी समजत होतो आमचं छान चाललंय.

फोडणीची_पोळी | रविवार, सकाळी ८.४०

नोंदवही, चहा पाठवते.

ऑडिटवाली | रविवार, रात्री ८.५५

गेले होते. नवऱ्यालाही सांगितलं नाही. पुतण्याला सायकलवरून उतरवून बरोबर घेतलं, वाटेत खंडेराव मार्केटमधून चिकू घेतले, मऊ, कारण काकांना आता दात फार नाहीत.

डग्गा यांनी सांगितलं तसं ठेका धरायचं ठरवलं होतं, पण ते कसं करतात कोणाला ठाऊक. मी आपली गप्पच होते. भाऊकाका म्हणाले, ये. काकूंनी चहा केला. शेजारच्या इमारतीचं काम, पाणी किती वाजता येतं, माझ्या जावेचा गुडघा, असं सगळं झालं. विषय संपले. मी कपबशा उचलून मोरीत गेले. माझ्या पायगुणाने जे थांबलंय ते मी उठल्यावर तरी सुरू होईल, असं कुठेतरी वाटत असणार.

दोन कप विसळून होतायत तोवर मागून पुतण्याचा आवाज, "आता काकू नाहीये. सांगा."

मला हसू आलं आणि पोटात कालवलंही.

बराच वेळ नुसत्या झोपाळ्याच्या कड्या वाजत होत्या. मग भाऊकाका म्हणाले, "एकदा काय झालं, दिल्लीला मोठा दरबार भरला." मी नळ बंद केला. साल नव्हतं. मी या घरात आल्यापासून ती गोष्ट "एकोणीसशे अकरा" या शब्दांनीच सुरू व्हायची. महाराज गेले, मान झुकवली, पाठ फिरवली. पुतण्या मध्येमध्ये "हां, हां" करत होता, त्याला तांब्याची घाई. मग भाऊकाका म्हणाले, "तंबूबाहेर खानगीतला एक माणूस पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता."

एक माणूस. आजोबा नाहीत.

मी तिथेच उभी, हातात ओली बशी. इतक्या वर्षांत आजोबांना त्या तंबूबाहेरून कोणी हलवलं नव्हतं. मी हलवलं. तेही बरोबर असल्यामुळे.

महाराजांनी तांब्या घेतला, प्यायले नाहीत, परत दिला. अडकित्ता थांबला, नेहमीसारखा. आणि पुतण्याने विचारलं, "मग ते पाणी कोण प्यायलं?"

आजवर कोणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे त्या जागी गप्प बसायला शिकलेलो.

भाऊकाका म्हणाले, "तोच माणूस. उभ्या उभ्या, सगळं. एका दमात." कट्ट.

डग्गा | रविवार, रात्री ९.२०

वा. काय समेवर आले म्हातारबुवा.

फोडणीची_पोळी | रविवार, रात्री ९.२२

मग तू बाहेर येऊन काय बोललीस? काहीतरी बोलली असशीलच, ओळखते मी तुला एवढ्यात.

ऑडिटवाली | रविवार, रात्री ९.४०

"एक माणूस कशाला, आजोबाच होते ना" हे अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण ते मी म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं की सूनबाई खिरापत वाटतेय. सुपारी मागितली. त्यांनी दिली, अर्धी. ती तोंडात असताना बोलता येत नाही, हा शोध मला पन्नाशीनंतर लागला.

सुपारी संपल्यावर विचारलं, "भाऊकाका, तो तांब्या आहे का हो अजून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गौरींनंतर पहिल्यांदा असं नीट पाहिलं. म्हणाले, "माळ्यावर. दोन आहेत, एकसारखे. त्यातला कुठला, ते मला हातात घेतल्यावर कळेल. पण शिडी कोण आणणार?"

बागेतला_बाक | रविवार, रात्री १०.०५

माझ्याकडे आहे. सात फुटी, ॲल्युमिनियमची. दांडिया बाजार काही लांब नाही.

नोंदवही | रविवार, रात्री १०.३०

एक सुचवतो, रागावू नका. पूर्वी लग्नात, बारशात दिलेल्या भांड्यांवर नाव आणि साल घालून घ्यायची पद्धत होती. तांब्या उतरवलात की बूड उलटं करून बघा. काही असलं तर इथे लिहा.

ऑडिटवाली | रविवार, रात्री १०.४१

बाक, मनापासून आभार. उद्या साडेसहाला चालेल का? भाऊकाका तोपर्यंत मारुतीला जाऊन येतात.

नोंदवही, बूड बघायचं नाही असं ठरवलंय. बघू.